दवण्याची चुलत बहीण

आई,

हालिना तुमच्यावर रुसली नव्हती. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, असं लिहायला बसले होते, पण तेही खोटंच झालं असतं. राहून गेलं नाही, मी सांगितलं नाही. सगळा हिवाळा तुम्ही पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसलात. समोरच्या घराचं दार उघडलं की मान पुढे करायचात, ते लागलं की मागे टेकायचात आणि मला विचारायचात, "अगं, हिला झालंय तरी काय? माझं काही चुकलं का?" मी डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता, मान न वळवता म्हणायचे, "बिझी असेल हो. इथे सगळेच बिझी असतात."

ती बिझी नव्हती. मी तिला येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

तुम्हाला जाऊन अजून धड महिना झालेला नाही. लोक फोन करतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात, माझ्याबद्दल तर फारच चांगलं बोलतात. सून असावी तर अशी, शेवटपर्यंत केलंस हो आईंचं. मी "हो, हो" करते आणि फोन ठेवते. केलं, खरंच केलं. गोळ्यांचा डबा भरला, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट सांभाळल्या, अळणी आमटी केली, तीही रोज वेगळी. एवढं सगळं करणाऱ्या बाईला एक खरं वाक्य बोलणं जमलं नाही.

तुम्ही शॉमबर्गला आलात तो पहिला चैत्र आठवतोय. बाबा गेल्यावर समीर तुम्हाला कोल्हापूरहून घेऊन आला होता आणि तुम्ही पाचवारी साडी, त्यावर समीरचं जुनं जॅकेट आणि पायात स्पोर्ट्‌स शूज अशा थाटात रोज टाउनहाउसच्या गल्लीतून फेरी मारायचात. देव्हारा आपला पॅन्ट्रीतल्या फळीवर. त्यात जोतिबाचा फोटो. चैत्र आला आणि तुमची भुणभुण सुरू झाली: देवाला दवणा कुठला आणायचा. इंडियन स्टोअरमध्ये कढीपत्त्यापासून फणसाच्या गऱ्यांपर्यंत सगळं मिळतं, दवणा मिळत नाही. मी म्हटलं, देवाला माहीत आहे आपण अमेरिकेत राहतो ते. तुम्ही "बरं" म्हणालात. म्हणजे पटलं नव्हतं.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. मीटिंग चालू असताना सहज खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या कुंपणाशी तुम्ही उभ्या, मुठीत कसला तरी पांढुरका पाला, आणि त्या घरातल्या पोलिश बाईनं तुमचं मनगट धरलेलं. मी कानावरचा हेडसेट तसाच ठेवून धावले. मनात आलं, झालं, आता सोसायटीत आपलं नाव होणार, यांची म्हातारी माणसं लोकांच्या बागा लुटतात म्हणून. मी लांबूनच सॉरी सॉरी करत आले, पण तिथे माझ्या सॉरीला कोणी विचारत नव्हतं. ती एका हातानं स्वतःचं पोट चोळून दाखवत होती आणि तुम्ही बोट आभाळाकडे करत होता. ती म्हणत होती हे पोटाचं, तुम्ही म्हणत होता हे देवाचं. दोघी आपापल्या भाषेत, अगदी ठासून.

मग मी दुभाषी झाले. तिनं सांगितलं, हे पिओवुन. तिच्या गावाकडे पोट बिघडलं, अन्नावर वासना नसली, की याचा काढा देतात. तिची आई द्यायची, आईची आई द्यायची. कडू म्हणजे इतकं कडू की गाई तोंड लावत नाहीत. मी तिला सांगितलं की यांच्या गावी याच वासाचा पाला चैत्रात देवाला वाहतात. ती थक्क झाली. मग हसत सुटली. म्हणाली, एवढं कडू देवाला? तुमच्या देवाला अपचन झालंय का? मी भीत भीत भाषांतर केलं. तुम्ही क्षणभर तिच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "एवढ्या लोकांचा नैवेद्य खायचा म्हणजे होत असेल बाई."

तिथून तुमचं जमलं. त्या दिवशी जोतिबाला दवणा मिळाला आणि तुम्हाला हालिना. नवरा गेलेली, मुलगा दूर टेक्सासला, जन्मभर ऑफिसं साफ करून गुडघे गेलेले, इंग्रजी जेमतेम. तुमचं इंग्रजी त्याहून जेमतेम. पण तुम्ही दुपारच्या जेवणाआधी "मी जातो जरा हालिनाबाईकडं" म्हणत निघायचात. कोल्हापूरच्या बायकांसारखं तुमचं आपलं कायम "मी येतो, मी जातो". आमच्या ईराला, तिचं मराठी मुळातच लंगडं, त्याची फार गंमत वाटायची.

रात्री जेवताना तुम्ही आम्हाला तिच्याकडच्या गोष्टी सांगायचात. वाळवलेला पाला कपभर गरम पाण्यात थोडाच वेळ ठेवायचा, जास्त नाही. साखर घालायची नाही, घातली तर पोटाला कडू कळतच नाही, ते आळशी होतं. आणि कप संपेपर्यंत ती तुमच्यासमोर खुर्ची घेऊन बसायची, उठू द्यायची नाही, बोलायचीही नाही. तुम्ही पहिला घोट तळहातावर घेऊन तीर्थासारखा प्यायचात आणि ओला हात डोक्यावरून फिरवायचात. ते बघून ती पण तसंच करायला लागली. पण तुम्ही लबाड. गालात गुळाचा खडा ठेवून जायचात. एक दिवस तिनं पकडलं. तेव्हा तुम्ही घरातला एक स्टीलचा डबा गुळानं भरून सरळ तिच्या ओट्यावर नेऊन ठेवलात. शेवटी तुमचा तह झाला: कडू आधी, पूर्ण, आणि कप पालथा झाला की मग ती स्वतः डबा पुढे करणार. एकदा ईरानं घोटभर चाखून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, दिस इज पॉइझन." तुम्ही म्हणालात, कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. म्हणून ते गोड करायच्या नादाला लागू नये, आधी ते पिऊन टाकावं.

आपला एक वाद मात्र मिटला नाही. मी नेटवर बघून तुम्हाला सांगितलं की हा दवणा नाही. त्याच कुळातला आहे, पण वेगळी वनस्पती. तुम्ही म्हणालात, "म्हणजे चुलत बहीण." मी म्हटलं, तसंच काहीसं. "मग चुलत बहीण परकी होय गं?" मी म्हटलं, देवाला चुकीचं वाहताय, तुमचं तुम्ही बघा. मला आपलंच खरं करायची खोड आहे, समीरला विचारा. तुम्ही हसून देव्हाऱ्यापुढची काडी नीट केलीत. त्यानंतर मुद्दाम, मी ऐकेन एवढ्या मोठ्यानं, त्याला दवणाच म्हणायचात. मीही मुद्दाम पिओवुन म्हणायचे. दीड वर्ष आपण हे केलं.

आता जे सांगायचं ते लिहिते. हालिनाकडून आलात की तुम्ही पोटभर जेवायचात. "आज पोटात जागा झाली" म्हणून आख्खी भाकरी खायचात. मला आनंद व्हायला हवा होता. त्याआधी कित्येक महिने माझ्या हातचं अर्धं ताटात राहायचं. मी ऑफिस सांभाळून, यूट्यूबवर बघून तुमच्या कोल्हापूरच्या भाकऱ्या शिकले, पिठाचे हात कीबोर्डला लागले, आणि भूक लागली ती हालिनाच्या कपानं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी एकदा समीरला म्हटलंसुद्धा. तो हसला. मी हसत नव्हते. तुम्ही तिच्याकडे जशा खदखदून हसायचात, ते हसू गल्ली ओलांडून माझ्या खिडकीत ऐकू यायचं. माझ्याशी तुम्ही चांगल्या वागायचात. तिच्याशी तुम्ही हसायचात.

पानगळीच्या दिवसांत तुम्हाला तो झटका आला. नाश्त्याच्या टेबलावर चमचा हातातून पडला, तोंड वाकडं झालं, आणि मग अंग थरथरायला लागलं. अँब्युलन्स, हॉस्पिटल, ते सगळं तुम्हाला आठवत नसेल, बरंच आहे. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती, त्यातून आकडी आली होती. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधं सांगितली, आणि घरगुती काय काय घेतात ते विचारलं. मी पिओवुनचं सांगितलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे ताबडतोब बंद करा, ज्यांना आकडी येते त्यांना हे चालत नाही. दुसरी, जे झालं ते याच्यामुळे नाही, गुठळीमुळे झालं.

आई, मी पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी तिथेच सोडून आले.

तुम्हाला घरी आणलं त्याच दुपारी हालिना आली. ड्राइव्हवेवर उभी होती, हातात रुमालानं झाकलेला कप. मी दारातच तिला थांबवलं. म्हटलं, डॉक्टरांनी हा चहा बंद केलाय, याच्यानं आकडी येते. तिनं विचारलं, "मी केलं का हे?" तेवढंच विचारलं. नाही, असं म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, "त्यांना आता विश्रांती हवी आहे. काही दिवस तुम्ही न आलेलं बरं." ती कप घेऊन परत गेली. गल्ली ओलांडताना एकदाही वळली नाही. मला वाटलं, सुटले. खरंच वाटलं, आई. लाज वाटते, पण आतून कुठेतरी बरं वाटलं, की आता या माझ्या.

चहा बंद करणं बरोबर होतं, आजही तेच करेन. पण चहा बंद करायला बाई बंद करायची गरज नव्हती. रिकाम्या हातानं आली असती, तुमच्या शेजारी बसली असती, तुम्ही दोघी खिडकीतून बर्फ बघत बसला असता. हे तेव्हाही मला कळत होतं. काही दिवस म्हटलं होतं, ते दिवस मी संपूच दिले नाहीत. दर आठवड्याला वाटायचं, आता बोलावू. मग वाटायचं, बोलावलं तर तुम्ही दोघी बोलाल, आणि मी काय बोलले होते ते बाहेर येईल. तुम्हाला एकमेकींची भाषा येत नाही असं मी सगळ्यांना सांगायचे, पण तुम्ही एकमेकींना सगळं सांगायचात हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग तुमची भूक गेली. डॉक्टर म्हणाले, या आजारात होतं असं. मी वरणभात, पेज, मेतकूट, सगळं करून पाहिलं. एक दिवस तुम्ही ताट सरकवून म्हणालात, "ते कडू घोटभर आण गं तिच्याकडनं, मग बघ जेवतो का नाही." मी म्हटलं, डॉक्टरांनी नको सांगितलंय. तुम्ही म्हणालात, "बरं, कडू राहू दे. तिलाच बोलाव." मी म्हटलं, बघते. आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या खिडकीला दिवसाढवळ्या पडदे लागलेले दिसले, तर मी ते तुम्हाला पुरावा म्हणून दाखवले. बघा, तिलाच कोणाची सोबत नकोय. तुम्ही त्या पडद्यांकडे पाहिलंत. मग म्हणालात, "असू दे. कुणावर जबरदस्ती नाही." त्यानंतर तुम्ही तिचं नाव काढलं नाहीत. खुर्ची मात्र खिडकीपासून हलवू दिली नाहीत.

फ्युनरल होमला ती आली होती. काळा कोट, मागच्या रांगेत, एकटी. सगळ्यांचं झाल्यावर पुढे आली आणि तुमच्या पायाशी वाळलेल्या काड्यांची एक जुडी ठेवली. गुरुजींनी मला हळूच विचारलं, हे काय आहे, चालेल ना? मी म्हटलं, "दवणा आहे." तोंडातून निघून गेलं. दीड वर्ष तुमच्याशी भांडत राहिले आणि तुम्ही नसताना कबूल केलं, आणि तेही गुरुजींसमोर. तुम्ही असतात तर टाळी मागितली असतीत. मी वर पाहिलं तोवर हालिना निघून गेली होती. मी तिच्या मागे गेले नाही. लोक भेटायला येत होते हे कारण होतं, आणि बरं कारण होतं.

समीरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू डॉक्टरांनी सांगितलं तेच केलंस यार, आईला काही त्यानं झालं नाही." मला तेच ऐकायचं होतं आणि ऐकल्यावर उपयोग झाला नाही. तुम्ही गेलात त्यात माझा दोष नाही, हे मलाही माहीत आहे. तुम्ही कशा गेलात, याबद्दल मी बोलत होते. मैत्रिणीनं टाकलं असं समजून गेलात. आणि समोरच्या घरात एक बाई, आपल्या हातच्या काढ्यानं मैत्रीण गेली असं समजून बसली होती. तुमच्यापर्यंत आता पोचता येत नाही. तिच्यापर्यंत जायला गल्ली ओलांडावी लागते, तेवढंच.

तरी तेवढ्याला इतके दिवस लागले. या रविवारी गेले. चैत्र लागलाय, तिच्या कुंपणाशी बर्फाखालून पुन्हा ते पांढुरकं फुटलंय, आणि देव्हाऱ्यातला जोतिबा रिकामा बसलाय. मनात होतं, दवणा मागायला आले असं म्हणावं आणि मग विषय काढावा. तिनं दार उघडलं आणि मला तो बहाणा बोलवेना.

तिच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच गेले, आई. तुम्ही ते इतकं सांगितलं होतं की मला ठाऊक असल्यासारखं वाटलं. कपाटाच्या मुठींना उलट्या टांगलेल्या जुड्या, गॅसशेजारी लहानशी किटली. ओट्यावर तुमचा स्टीलचा डबा. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते दोन्ही सांगितलं. तिनं मला मध्ये थांबवून पुन्हा विचारलं, चहामुळे नाही? नाही, म्हटलं, गुठळीमुळे.

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

ती खुर्चीवर बसली. मग तिनं विचारलं, कुसुमनं माझ्याबद्दल कधी विचारलं का? आई, मला पुन्हा खोटं बोलावंसं वाटलं. नाही म्हटलं असतं तर तिला तुमचं वाट बघणं तरी डोळ्यांपुढे आणावं लागलं नसतं. तुमच्याशी नेमकं याच दयेनं वागले होते मी.

"रोज विचारायच्या," मी म्हटलं. "खिडकीत बसायच्या."

"मला दिसायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी दिसले की तिला त्रास होईल. म्हणून मी पडदे लावून घेतले."

मला रडू आलं. ती रडली नाही, आणि मला गप्प करायलाही आली नाही. उठली, किटली ठेवली, एका जुडीतून चिमूटभर पाला कपात चुरला. थोडाच वेळ ठेवला, जास्त नाही. कप माझ्यासमोर ठेवून ती पलीकडच्या खुर्चीवर बसली, तुमच्यासमोर बसायची तशीच असणार.

पहिला घोट मी तळहातावर घेतला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. तिनं ते पाहिलं. तिनं तसं केलं नाही. बाकीचं मी प्याले. ईरा म्हणाली होती ते खरं आहे, घसा धरतो, डोळ्यांत पाणी येतं, कानापर्यंत कडू होतं. मी न थांबता संपवलं आणि कप पालथा घातला. गुळाचा डबा तिच्या हाताशीच होता. तिनं तो पुढे केला नाही, आणि मीही मागितला नाही.